सवड आणि सावड

दैनंदिन जीवनातील लहानसहान सुखांचा आस्वाद घेणे आणि अडीअडचणीत एकमेकांच्या उपयोगी पडणे या दोन गोष्टींचा विचार बहुधा वेगवेगळा केला जातो. पहिली व्यक्तीच्या खासगी समाधानाची बाब मानली जाते, तर दुसरी नीतीच्या किंवा समाजकार्याच्या खात्यावर जमा होते. प्रत्यक्षात दोहोंना लागणारे भांडवल एकच आहे, आणि ते म्हणजे कोणत्याही कामाला आधीच बांधून न टाकलेला वेळ. हा वेळ आटला की ताटातल्या भाजीची चव कळेनाशी होते आणि शेजारच्या घरात गेले काही दिवस दिवा उशिरापर्यंत का जळतो, हेही लक्षात येईनासे होते. प्रस्तुत लेखात म्हणूनच या दोहोंचा एकत्र विचार केला असून, सामान्य नोकरदार किंवा गृहस्थाश्रमी वाचकाला आहे त्या दिनक्रमात काय करता येईल, यावर भर ठेवला आहे.

घाईचा परोपकाराशी असलेला संबंध दाखवणारा एक प्रयोग या विषयात प्रसिद्ध आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत छोटे भाषण देण्यासाठी पाठवण्यात आले आणि वाटेत एक मनुष्य दारापाशी वाकून, कण्हत व खोकत बसलेला त्यांना दिसेल, अशी व्यवस्था करण्यात आली. काही विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषयच मुळी बायबलमधील चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या प्रवाशाची, कथा हा होता. ज्यांना पुरेसा वेळ असल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्या माणसाला काही ना काही मदत केली; ज्यांना उशीर झाल्याचे सांगून पिटाळले होते त्यांच्यात हे प्रमाण १० टक्क्यांवर आले, आणि भाषणाचा विषय कोणता होता याने या निष्कर्षात लक्षणीय फरक पडला नाही. नमुना ४० जणांचाच होता, त्यामुळे टक्केवारीला फार चिकटून राहू नये. तरी उपदेशाने जे साधत नाही ते दहा मिनिटांच्या सवडीने साधू शकते, एवढा बोध व्यवहाराला पुरेसा आहे. परोपकाराची इच्छा असणाऱ्याने प्रथम आपल्या दिवसाच्या आखणीकडे पाहावे, स्वभावाकडे नंतर.

आता सुखाच्या बाजूकडे वळता येईल. मनुष्याला मिळालेल्या कोणत्याही सुखाची त्याला लवकरच सवय होते आणि त्या सुखाने दिलेला आनंद पूर्वपातळीवर उतरतो; या प्रक्रियेला मानसशास्त्रात सुख-अनुकूलन म्हणतात आणि फिलिप ब्रिकमन व डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये तिची मांडणी केल्यानंतर तिच्यावर विपुल संशोधन झाले आहे. नवी गाडी, मोठे घर, वाढलेला पगार यांचा आनंद अपेक्षेपेक्षा लवकर ओसरतो याचे कारण त्या वस्तूंत नसून, अवधान सदैव नव्याकडे वळण्याच्या मनाच्या रचनेत आहे. या ओसरण्याला थोपवणारी जी क्रिया आहे तिला आस्वादन असे म्हणता येईल. फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ व्हेरॉफ यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात तिचे विस्तृत विवेचन केले असून, त्यांच्या मते सुख मिळणे आणि सुखाकडे लक्ष देऊन ते जाणीवपूर्वक लांबवणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत, आणि हे लांबवणे तीन काळांत घडते: येऊ घातलेल्या सुखाची वाट पाहताना, ते प्रत्यक्ष अनुभवताना आणि नंतर आठवताना.

कोकणातील आंब्याचा हंगाम हे या तिन्ही काळांचे उत्तम उदाहरण ठरेल. पेंढ्याच्या थरांत कैऱ्या रचून घातलेली आढी, तिच्यातून हळूहळू खोलीभर पसरणारा वास, रोज सकाळी वरचा पेंढा बाजूला सारून देठाजवळ फळ दाबून पाहणे, आज दोनच निघाले म्हणून झालेली वाटणी, हे सारे आंबा खाण्यापूर्वीच घडते. आणि पहिला पाऊस पडून आंबा संपला की पुढचे दहा महिने आमरसाची गोष्ट निघतच राहते. आयते पिकलेले डझनभर आंबे दारात पोहोचवणारी सोय वाईट नाही, मात्र तिच्यात खाण्याचा क्षणच तेवढा उरतो. ज्याला आढी घालणे शक्य नाही त्याने पेटीतले आंबे एकदम फ्रिजमध्ये न ठेवता त्यांतले चारसहा तरी बाहेर पिकू द्यावेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम घरातल्या मुलांकडे सोपवावे.

वाट पाहण्याचा हाच उपयोग मराठी पंचांगाने फार पूर्वी ओळखलेला दिसतो. आषाढी एकादशीपासून सुरू होणाऱ्या चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य करण्याची प्रथा अनेक घरांत आहे; तत्पूर्वी आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ मनसोक्त खाऊन घेतले जातात आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत व रोडगा यांचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा ताटात येते. एरवी वर्षभर मिळणाऱ्या आणि कोणाच्या फारशा खिजगणतीत नसलेल्या वांग्याला एका दिवसाचे महत्त्व येते ते मधल्या महिन्यांच्या गैरहजेरीमुळे. या प्रथेमागे धार्मिक व आरोग्यविषयक कारणे सांगितली जातात आणि ती ज्याची त्याला लखलाभ; परंतु जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१३ मधील प्रयोगातही आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करणाऱ्यांना नंतर मिळालेल्या चॉकलेटने इतरांपेक्षा अधिक आनंद दिल्याचे आढळले आहे. श्रद्धा असो वा नसो, वाचकाने आपल्या अतिपरिचयाचे एखादे सुख, मग तो संध्याकाळचा दुसरा चहा असो की रोज बाहेरून मागवलेला खाऊ, ठरावीक मुदतीसाठी सोडून पाहावे आणि ते पुन्हा सुरू करण्याचा दिवस आधीच नक्की करून ठेवावा. मुदत न ठरवलेला त्याग बहुतेक वेळा चौथ्या दिवशी गुपचूप मोडतो आणि मग त्यातून अपराधभावनेखेरीज काही हाती लागत नाही.

प्रत्यक्ष क्षणाच्या आस्वादासाठी सर्व दिवस संथ करण्याचा संकल्प सोडणेच इष्ट होय, कारण तो अव्यवहार्य आहे. बदलापूरहून सकाळच्या जलद लोकलने मुंबईला जाणाऱ्या माणसाला ‘सावकाश जगा’ असे सांगणे ही थट्टा ठरेल. त्याऐवजी दिवसातून एकच कृती निवडावी, ती रोज घडणारी असावी, पाच ते दहा मिनिटांत संपणारी असावी आणि तिच्या जोडीला दुसरे कोणतेही काम ठेवू नये. सकाळचा पहिला चहा बसून घेणे, देवपूजेसाठी फुले स्वतः तोडणे, रात्री जेवणानंतर गच्चीत किंवा गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारणे, यांपैकी काहीही चालेल. त्या अवधीत मोबाइल खिशात नसून दुसऱ्या खोलीत असावा. तो उपडा ठेवला तरी हात तिकडे जातोच. अनुभव कसा वाटला याची सारखी तपासणी मात्र करू नये, कारण ‘आता आनंद होत आहे का’ हा प्रश्न आनंद घालवण्यास पुरेसा असतो.

निसर्गाकडे पाहण्याच्या बाबतीत मराठी वाचकाला बाहेर कोठे आदर्श शोधण्याची गरज नाही. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ हे १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक एकेका मराठी महिन्यात झाडे, फुले, आकाश आणि पाखरे यांत होणारे बदल टिपते, आणि त्यातील निरीक्षणाला कोणत्याही दूरच्या प्रवासापेक्षा पुनःपुन्हा त्याच गोष्टीकडे पाहण्याच्या चिकाटीचा आधार आहे. रोजच्या वाटेवरील एक झाड वर्षभरासाठी निवडणे, हा त्यातून घेण्याजोगा व्यावहारिक धडा होय. शहरांतही पांगारा, बहावा आणि सातवीण ही झाडे रस्त्याकडेला सापडतात. पांगारा थंडी सरताना लाल फुलतो, बहावा उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी लवतो आणि सातविणीचा उग्र वास पावसाळा संपल्यावर रात्री आसमंत भरून टाकतो, त्यामुळे ही तिन्ही लक्षात ठेवली तर वर्षाचा बराच भाग व्यापला जातो. झाडाचे नाव ठाऊक नसल्यास माळ्याला किंवा गावाकडच्या वडीलधाऱ्या माणसाला विचारावे. त्या निमित्ताने होणारे बोलणे हा या उपक्रमाचा फायद्याचा भाग आहे.

कृतज्ञतेच्या वहीविषयी, म्हणजे घडलेल्या चांगल्या गोष्टी लिहून ठेवण्याच्या पद्धतीविषयी, अलीकडे बरेच बोलले जाते. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो यांच्या २००३ मधील अभ्यासाने तिला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांना पुढे असे आढळले की, आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. रोजची सक्ती झाली की तीच तीन वाक्ये उतरवली जातात आणि वही हा आणखी एक गृहपाठ होऊन बसतो. रविवारी सकाळी चार ओळी, आणि त्याही शक्यतो एखाद्या व्यक्तीने केलेल्या नेमक्या कृतीविषयी, एवढे पुरे.

येथे एक गंभीर मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणे, ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे असू शकतात आणि अशा वेळी चहा सावकाश पिण्याचा सल्ला निरुपयोगीच नव्हे, क्रूरही ठरतो. अशा व्यक्तीने मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, आणि घरच्यांनी तो क्रमांक लावून देण्याइतकी मदत अवश्य करावी.

सवड कोणाजवळ आहे, हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील माणसांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काम मुळात करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच स्त्रियांच्या मानाने फार कमी होते. याचा अर्थ असा की, पुष्कळ घरांत एकाचा निवांत चहा हा दुसरीच्या धावपळीतून तयार झालेला असतो. ज्या पुरुष वाचकाला संथ जगण्याची ओढ लागली आहे त्याने आपल्या सुखाची आखणी करण्यापूर्वी सकाळचे एक काम, उदाहरणार्थ डबे भरणे किंवा ओटा आवरणे, पूर्णपणे स्वतःकडे घ्यावे; ‘मदत’ म्हणून अधूनमधून न करता त्याची जबाबदारी, आठवण ठेवणे आणि सामान संपत आल्याचे पाहणे यांसह घ्यावे. घरातील दोघांची सवड एकाच वेळी जुळली तरच ती एकत्र उपभोगता येते.

या संदर्भात जुन्या काळाविषयी गळा काढण्याचे मात्र कारण नाही. पहाटे जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या बायकांनी रचलेल्या ओव्यांचा प्रचंड संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला असून, त्यात १ लाखाहून अधिक ओव्या आहेत. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास, सखी असे सारे विषय त्यांत येतात. ते काम अत्यंत कष्टाचे होते आणि पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी जाते सोडून दिले, हे योग्यच झाले. गमावले ते एवढेच की, दोन माणसांनी समोरासमोर बसून हात चालवत मन मोकळे करण्याची एक ठरलेली वेळ नाहीशी झाली. ती वेळ आजच्या घरात शेंगा सोलताना, मेथी निवडताना, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना पुन्हा निर्माण करता येते, कारण हात गुंतलेले आणि नजर खाली असली की अवघड गोष्टी बोलणे सोपे जाते. किशोरवयीन मुलांशी बोलू पाहणाऱ्या पालकांना तर हा उपाय विशेष उपयोगी आहे.

आस्वाद आणि आधार यांची सर्वांत जवळची गाठ पडते ती दुसऱ्याची आनंदाची बातमी ऐकताना. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून केलेल्या संशोधनात अशा बातमीला मिळणाऱ्या प्रतिसादाचे चार प्रकार सांगितले आहेत: उत्साहाने विचारपूस करणे, थंडपणे ‘छान’ म्हणून विषय संपवणे, बातमीतील धोके दाखवणे आणि ऐकले न ऐकलेसे करून स्वतःचेच सांगू लागणे. यांपैकी पहिल्या प्रकारानेच नाते बळकट होत असल्याचे त्यांना आढळले. मराठी घरांत तिसरा प्रकार प्रेमापोटी घडतो, हे येथे ध्यानात घ्यावे. मुलीने बढतीची वार्ता सांगताच ‘आता फिरती वाढेल, तब्येत सांभाळ’ असे म्हणणाऱ्या आईला काळजीच दाखवायची असते, पण मुलीच्या हाती अर्धीच बातमी उरते. नजर लागेल या भीतीने चांगले काही सांगूच नये, हा समजही याच जातीचा. ‘पेढे कुठे आहेत?’ हा आपल्याकडचा परंपरागत प्रतिसाद या दृष्टीने कितीतरी सरस आहे, आणि त्याला ‘कळलं तेव्हा तू कुठे होतीस? आधी कोणाला सांगितलंस?’ अशा दोन प्रश्नांची जोड दिली म्हणजे सांगणारीला तो क्षण पुन्हा जगता येतो. काळजीच्या सूचना दुसऱ्या दिवशीही देता येतात.

संकटातील आधाराचे तंत्र याहून नाजूक आहे. जेम्स हाउस या समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार वेगळे केले: आपुलकी देणारा भावनिक आधार, प्रत्यक्ष काम किंवा पैसा देणारा साधनरूप आधार, माहितीचा आधार आणि ‘तू करतो आहेस ते बरोबर आहे’ असे सांगणारा मूल्यमापनाचा आधार. बहुतेक गैरसमज एका प्रकारची गरज असताना दुसरा प्रकार पुढे केल्याने होतात. रुग्णाच्या घरी जाऊन ओळखीच्या डॉक्टरांची नावे व काढ्यांच्या कृती सांगणारा मनुष्य माहितीचा आधार देत असतो, तर त्या घराला त्या दिवशी पोळीभाजीच्या डब्याची गरज असते. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य सदिच्छेचे असले तरी मागण्याचे ओझे ते आधीच थकलेल्या माणसावर टाकते. त्याऐवजी ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीचा डबा आमच्याकडून येईल, चालेल ना वहिनी?’ असे वार आणि काम ठरवून विचारावे. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या उमेदवारांचा व त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास केला, तेव्हा घेणाऱ्याच्या लक्षात न आलेला आधार सर्वाधिक उपयोगी पडल्याचे दिसले, कारण लक्षात आलेली मदत आपल्या असमर्थतेचीही आठवण करून देते. गॅसचा नंबर लावून ठेवणे, मुलाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणे, दूध आपल्याकडे उतरवून घेणे, अशी कामे न बोलता करून टाकावीत आणि नंतर त्यांचा उच्चार करू नये.

परस्पर साहाय्य टिकाऊ करायचे असेल तर त्याला काही घडण द्यावी लागते, आणि यासाठी मराठी कृषिजीवनातील दोन पद्धती आजही मार्गदर्शक ठरतात. सावड म्हणजे आज एका कुटुंबाने दुसऱ्याच्या शेतात जितके दिवस राबायचे तितके दिवस त्या कुटुंबाने नंतर पहिल्याच्या शेतात राबायचे, अशी श्रमाची फेड. इर्जिक म्हणजे एखाद्याचे मोठे काम उरकण्यासाठी गावातील अनेकांनी आपापली बैलजोडी घेऊन एका दिवसात नांगरट करून द्यायची आणि यजमानाने सर्वांना जेवण घालायचे. पहिलीत हिशोब असतो, दुसरीत तो नसतो, आणि दोन्हींचे क्षेत्र वेगळे आहे. ट्रॅक्टर आल्यापासून या पद्धती मागे पडल्या असल्या तरी रोज लागणाऱ्या मदतीला सावडीचा आणि एकदाच ओढवलेल्या प्रसंगाला इर्जिकीचा नियम लावणे, हे शहरातील सोसायटीतही शक्य आहे. शाळेतून मुले आणणे, ज्येष्ठांना तपासणीसाठी नेणे, गावी गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी घालणे ही कामे चार घरांत वार वाटून घेता येतात, आणि तेथे स्पष्ट हिशोब असल्याने कोणाला मिंधे वाटत नाही. घरात शस्त्रक्रिया किंवा मृत्यू झाला असता मात्र हिशोबाचा विषय काढू नये.

अशी सावड सुरू करताना घरांची संख्या चार-पाचाहून वाढवू नये, कारण मोठ्या गटात प्रत्येकाला दुसरा कोणी करील असे वाटते. व्हॉट्सॲपवरील शंभर सदस्यांच्या सोसायटी गटात ‘काही मदत?’ या संदेशाला हात जोडलेल्या चित्रांचे उत्तर मिळते ते यामुळेच. महिन्यातून एकदा सर्वांनी एका घरी बसावे, आणि बैठकीला भिशीसारखे स्वरूप द्यावे, ज्यात पैशाचा व्यवहार दहा मिनिटांत संपतो आणि उरलेला वेळ मिसळ, गप्पा व थट्टा यांत जातो. या बैठकीतच कोणाला काय जमेनासे झाले आहे ते कळते. एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीला सावडीतून वगळण्याची चूक विशेषकरून टाळावी. तिला धावपळीची कामे झेपत नसतील, तर शेजाऱ्यांच्या किल्ल्या सांभाळणे, दुपारी येणारे पार्सल घेणे, मुलांचे पाढे व श्लोक म्हणवून घेणे, लोणच्याच्या फोडींना मीठ किती लागते ते सांगणे ही कामे तिच्या नावावर लिहावीत आणि इतरांच्या कामांइतकीच ती मोजावीत. तिच्याकडे दुपारची सवड आहे, आणि बाकीच्या चार घरांत नेमकी तीच कोणाकडे नसते.